नांगराची निशाणी

मराठी पुस्तकांच्या दुकानात आज पुढच्या टेबलावर मांडलेली असतात ती श्रीमंतीची पुस्तकं. पैसा कामाला कसा लावावा, पहाटे उठून यश कसं खेचून आणावं, तिशीत निवृत्त कसं व्हावं, हे सांगणारी जाडजूड भाषांतरं. लोक वाचतात, पुस्तकं विकत घेऊन वाचतात, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्या मध्यमवर्गानं पिढ्यान्‌पिढ्या पैशाविषयी बोलणं हलकं मानलं. त्यापायी नवरा गेल्यावर पासबुक कुठे ठेवलंय, विमा होता की नव्हता, कुणाचं देणं आहे, हे शोधत बसलेल्या बायका प्रत्येकानं आपल्या नात्यात पाहिल्या आहेत. ती खोटी लाज गेली, फार बरं झालं.

पण या वाचनातून आपण एकच गोष्ट पाठ केली: पैसा म्हणजे स्वभावाचा प्रश्न. ज्याच्याकडे आहे त्याच्या सवयी चांगल्या, ज्याच्याकडे नाही त्याच्या वाईट. मग घरकाम करणाऱ्या बाईनं पाच हजार उसने मागितले की आपण तिला बचतीवर व्याख्यान देतो. शेतकऱ्यानं विष घेतल्याची बातमी आली की चारचौघांत कुणीतरी हमखास म्हणतो, ‘लग्नात उधळतात, मग कर्जात बुडणारच.’ असं म्हणणारी माणसं दुष्ट नसतात. शिकलेली असतात, वाचणारी असतात. म्हणूनच त्यांचा अपराध मोठा आहे. ज्या मुलखात बसून ती हे बोलतात, त्याच मुलखात या समजुतीचा निकाल दीडशे वर्षांपूर्वी लागला आहे, आणि तो त्यांनी वाचलेला नाही.

तो इतिहास जरा सविस्तर सांगितला पाहिजे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तोवर अमेरिकेतून जाई. तो थांबला आणि साऱ्या जगाची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. मुंबईत पैशाचा पूर आला. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,०००च्या घरात गेला. पुढे युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ला वायद्यांचा हिशेब चुकता करायची वेळ आली तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा त्या तडाख्यातून वाचली नाही. हा भाग आपल्याला थोडाफार ठाऊक असतो. प्रेमचंद रायचंद त्यात बुडाले आणि पुन्हा उभे राहिले, त्यांच्या देणगीतून बांधलेला राजाबाई टॉवर आजही दिमाखात उभा आहे. बुडून पुन्हा वर आलेल्या माणसाची गोष्ट यशाच्या पुस्तकात छान शोभते.

त्याच लाटेत सापडलेल्या, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-भीमथडीच्या कुणब्याची गोष्ट मात्र त्या पुस्तकांत येत नाही. तेजीच्या काळात धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळाली, सावकार हात सैल सोडून उचल देऊ लागला. भाव उतरले तेव्हा सावकारानं हात आखडला. नेमकं याच सुमाराला सरकारनं शेतसाऱ्याची नवी आकारणी केली. जुन्या आकारणीची तीस वर्षांची मुदत संपली होती, आणि नवी ठरवताना साहेबासमोर होते ते तेजीतले भाव. १८६७ नंतर काही भागांत सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. पीक येवो न येवो, सारा रोख भरायचा. रोख रक्कम गावात एकाच माणसाकडे होती, आणि तो सावकार.

आता कागदाकडे बघा. १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याचं आयुष्य तीन वर्षांचं केलं. हेतू चांगला होता, व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये हा. सावकारानं त्याचा अर्थ उलटा लावला. तीन वर्षं भरत आली की कुणब्याला बोलवायचं, मुद्दल अधिक थकलेलं व्याज एवढ्या रकमेचा नवा रोखा लिहून घ्यायचा, आणि त्या साऱ्या रकमेवर पुन्हा व्याज सुरू करायचं. शंभर रुपये शेकडा दोन रुपये महिन्यानं घेतले आणि काहीच फेडता आलं नाही, तर तीन वर्षांनी रोखा होतो १७२ रुपयांचा. सहा वर्षांनी २९६चा, नऊ वर्षांनी ५०९चा, बारा वर्षांनी ८७५चा. कुणब्यानं मधल्या काळात नवा पैसाही घेतलेला नसतो. त्यानं केलेलं असतं एवढंच, की दर तीन वर्षांनी सावकाराच्या ओट्यावर जाऊन, वाचता न येणाऱ्या कागदाखाली नांगराची निशाणी काढली. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची सही म्हणजे नांगर. ज्या अवजारानं तो साऱ्या गावाला जेवू घालत होता, त्याच्याच चित्राखाली त्याचं शेत दुसऱ्याच्या नावावर गेलं.

डिसेंबर १८७४मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकारानं कोर्टाचा हुकूमनामा मिळवला आणि देणेकऱ्याचं घर पाडायला काढलं. तेव्हा गावानं बाहेरून आलेल्या सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून कुणी माल घेईना, त्यांची शेतं कुणी कसेना, न्हावी, परीट, सुतार, लोहार कुणी त्यांच्या दारी जाईना. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले, सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते रोखे. खतं, हुकूमनामे, वह्या बाहेर काढून त्यांची भर बाजारात होळी झाली. जिथे सावकारानं कागद निमूट हवाली केले तिथे बहुधा त्याच्या जिवाला धक्का लागला नाही. ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, त्यांना आपला शत्रू नेमका कुठे दडला आहे हे कळलं होतं.

या उठावाची मी आंधळी भलामण करणार नाही. राग गुजर-मारवाडी सावकारांवर निघाला. ज्या गावांत ब्राह्मण आणि इतर जातींचे सावकारही तोच धंदा करत होते, तिथेही बहुतेक वेळा मार परक्यालाच बसला. रोखा सारखाच, व्याज सारखंच, पण दोष ठरवताना आपण जात आणि मूळगाव बघितलं. परक्याकडे बोट दाखवून घरच्याला मोकळं सोडण्याची ही सवय आजही आपल्या समाजात जशीच्या तशी जिवंत आहे.

सरकारनं चौकशी समिती नेमली. ती काही शेतकऱ्यांची मित्र नव्हती. शेतसाऱ्याचा दोष सरकारच्या माथी यावा ही सरकारची इच्छा तर मुळीच नव्हती. तरीही त्या समितीला लिहावं लागलं की रयतेच्या कर्जाचं कारण म्हणून लग्नकार्यांच्या खर्चाला अवास्तव महत्त्व दिलं जातं. अधूनमधून निघणाऱ्या लग्नापेक्षा धान्य, बियाणं, बैल आणि सरकारी सारा यांसाठी पुन्हा पुन्हा काढावं लागणारं बारीकसारीक कर्जच रयतेला अधिक बुडवतं. हे परक्या सरकारच्या अधिकाऱ्यांनी १८७०च्या दशकात, गावोगाव फिरून, साक्षी घेऊन नोंदवलं. आणि आपण, स्वतंत्र देशातले शिकलेले मराठी लोक, आजही हॉलमध्ये बसून त्याच लग्नाच्या खर्चाची कॅसेट लावतो.

१८७९मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. न्यायाधीशानं नुसता रोखा बघून निकाल न देता कर्जाचा इतिहास उकरायचा, मूळ रक्कम किती, व्याज किती, हे तपासायचं, अशी त्यात सोय होती. रोखा लिहिताना गावच्या सरकारी नोंदणीदारासमोर लिहायचा, असंही ठरलं. पुढे न्यायमूर्ती रानडे याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम करत होते. कायदा अपुरा होता, पळवाटा निघाल्या, हे खरं. पण एक गोष्ट त्यानं कायमची मान्य केली: कागदाखाली निशाणी आहे म्हणून व्यवहार न्याय्य ठरत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना नाशाचं मूळ विद्येच्या अभावात दाखवलं. ती विद्या त्यांना कुणा एकट्याला श्रीमंत करण्यासाठी नको होती. निशाणी करणाऱ्या हाताला कागद वाचता यावा, म्हणून हवी होती.

आणि कागद वाचता आला म्हणजे तरी सगळं झालं का? यशाच्या पुस्तकांचा पाया हाच, की ज्ञान आणि शिस्त असेल त्याला कुणी अडवू शकत नाही. या दाव्याची परीक्षा मुंबईत झाली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७मध्ये ते परतले, बडोद्याच्या नोकरीवर गेले आणि तिथे त्यांना राहायला घर मिळालं नाही. मुंबईला येऊन त्यांनी शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. त्या वेळच्या मुंबईत पैशाचं शास्त्र त्यांच्याइतकं जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. गिऱ्हाइकं येऊ लागली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि ती येईनाशी झाली. व्यवसाय बंद पडला. पुढे सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तर तिथल्या पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केली. ज्यांना पैसा हवा होता त्यांनीसुद्धा आपल्या फायद्याचा सल्ला लाथाडला, कारण तो चुकीच्या जातीच्या तोंडून आला. हा आपला आर्थिक इतिहास आहे. पैशाविषयी वाचणाऱ्या प्रत्येक मराठी तरुणाला तो शेअर बाजाराच्या पहिल्या धड्याबरोबर शिकवला पाहिजे.

त्यानंतर बाबासाहेबांनी काय केलं तेही पाहा. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलन, सोनं, विनिमयाचा दर यांत खोलवर उतरलेलं ते लेखन अर्थशास्त्राचे विद्यार्थी आजही वाचतात. आणि हाच माणूस १९३७मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोतीची जमीनदारी पद्धत नष्ट करण्याचं विधेयक मांडतो, जानेवारी १९३८मध्ये कोकणातल्या कुळांचा मोर्चा कायदेमंडळावर नेतो. रुपयाचं शास्त्र शिकून त्यांनी ते खोताच्या जाचाखालच्या कुळाच्या कामी लावलं. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग भरवणाऱ्यांनी विकास याला म्हणतात हे ध्यानात घ्यावं.

आपण आजच्या घटकेला कुठे आहोत? गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात हातगाडीवर भाजी विकणाऱ्या एका बाईंनी कर्जाचा कागद माझ्यासमोर धरला. एक लाख रुपये, दोन वर्षं, महिन्याला ५,१६७ रुपये हप्ता. ‘हप्ता किती ते मला पाठ आहे दादा, व्याज किती ते त्या साहेबाला माहीत,’ त्या म्हणाल्या. कागद इंग्रजीत. दर लिहिला होता वर्षाला १२ टक्के, फ्लॅट. म्हणजे मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पुऱ्या एक लाखावर. उरलेल्या शिलकेवर हिशेब केला की हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय प्रक्रिया शुल्क आणि विमा आधीच कापून हातात पडले होते ९६,०००च. तेही धरलं तर दर पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेला. महिना शेकडा दोन रुपयांहून जास्त. सुप्याच्या बाजारात जाळलेल्या रोख्यांचा हिशेब आठवा. बाईंनी सही केली होती, सुरेख, वळणदार अक्षरात, मराठीत. सातवी शिकल्या आहेत त्या. साक्षरता आली, नांगराची निशाणी गेली, आणि न कळणाऱ्या कागदाखाली नाव लिहिणं तेवढं राहिलं.

त्या बाई ज्या इमारतीसमोर गाडी लावतात, तिथे चार मजल्यांवर बँकेतले, आयटीतले, शाळेतले लोक राहतात. चक्रवाढ व्याजाचा चमत्कार त्यांनी पुस्तकात वाचलेला असतो आणि आपल्या एसआयपीला लावून पाहिलेला असतो. रोज भाजी घेताना त्यांच्यातल्या एकालाही त्या बाईंचा कागद बघावासा वाटला नाही. ही आपल्या वाचनाची नैतिक किंमत आहे. ज्ञान घरात आलं आणि दाराला आतून कडी लागली.

कडीच्या आतही उजेड फारसा पोचलेला नाही. किती घरांत नवरा पैशाची दहा पुस्तकं वाचतो आणि बायकोला घरावरचं कर्ज किती उरलंय ते ठाऊक नसतं? तिचा पगार घरखर्चात विरतो, त्याचा पगार गुंतवणुकीत त्याच्याच नावावर साठतो, आणि संकट आलं की पहिलं गहाण पडतं तिचं मंगळसूत्र. आर्थिक स्वातंत्र्यावर तासभर बोलणाऱ्या माणसानं आधी आपल्या कपाटाची किल्ली आणि खात्यांची यादी घरच्या बाईच्या हातात द्यावी.

श्रीमंतीच्या घाईनं या वाचकवर्गाचंही भलं केलेलं नाही. सेबीनं २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार शेअर बाजाराच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांनी तीन आर्थिक वर्षांत तोटाच केला, आणि सगळा मिळून तो १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. यात तालुक्याच्या गावातली पंचविशीतली पोरं आहेत, बापानं जमीन विकून दिलेला पैसा आहे. कुणी त्यांना १८६५ची मुंबई सांगितली नव्हती. इतिहासाविना मिळालेलं पैशाचं शिक्षण माणसाला लबाडांच्या तोंडी देतं.

वेगळं घडू शकतं, घडलंही आहे. फारसं शालेय शिक्षण नसलेल्या विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीच्या शेतकऱ्यांकडून थोडं थोडं भागभांडवल गोळा करून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा पुण्याहून गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्यांच्या सोबतीला गेले. १९५०च्या सुमारास तिथे गाळप सुरू झालं. एका नामवंत अर्थशास्त्रज्ञानं आपली विद्या शेतकऱ्याच्या वहीशेजारी नेऊन बसवली. पुढे सहकाराचं काय झालं, घराण्यांनी तो कसा गिळला, हा वेगळ्या लेखाचा आणि वेगळ्या संतापाचा विषय आहे. पण विद्वान आणि शेतकरी एका सतरंजीवर बसले तेव्हा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचं अर्थकारण बदललं, हे कुणाला नाकारता येणार नाही.

आज ती सतरंजी घालायला कारखाना काढावा लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा सारांशाचा कागद देणं बंधनकारक आहे. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती पडतो ते लिहायचं असतं, आणि तो कागद कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत असावा लागतो. १८७९च्या कायद्यानं जे अर्धवट दिलं ते या नियमानं पुरतं देऊ केलं आहे. पण मागितल्याशिवाय आणि वाचून दाखवल्याशिवाय तो कागदही निशाणीचाच कागद ठरेल. वाचनालयांनो, महिला मंडळांनो, सोसायट्यांच्या कार्यालयांनो, आठवड्यातला एक तास यासाठी राखून ठेवा. आणि तुम्ही, ज्यांच्या घरात पैशावरची चार पुस्तकं आहेत, या रविवारी तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंना, दारातल्या भाजीवाल्याला, सोसायटीच्या पहारेकऱ्याला एवढं विचारा: कर्जाचा कागद आहे का तुमच्याकडे? घेऊन या, आपण बसून वाचू.